घाई नावाचं गवत

दोव्हिलेला हा शब्द पहिल्यांदा भेटला
बेडफर्डच्या गोदामात, हातातल्या यंत्रावर, लाल अक्षरांत:
रश.
म्हणजे हे खोकं आधी.
म्हणजे पाणी नंतर पी.

कौनासहून आणलेला शब्दकोश
तिनं रात्री पलंगावर उघडला,
बोट खाली खाली सरकवत गेली:
त्वरा, तातडी, झुंबड, मुसंडी,
डोक्यात चढलेली झिंग,
सोनं सापडलं म्हणून घरंदारं टाकून धावलेली माणसं,
आणि अगदी तळाशी, बारीक टायपात,
एक पाणगवत.
तिला वाटलं, छापखान्यात कुणीतरी घाई केली असणार.

जुलैत ती ऊझ नदीवर गेली,
एनिड टेबटच्या सपाट होडीत,
लांब दांड्याचा विळा पाण्यात बुडवून.
"खालून काप," एनिड म्हणाली. "आणखी खालून.
कोपर भिजलं नाही तर तू कापलंच नाहीस."
हिरवा देठ, माणसाहून उंच,
आत नुसती हवा.
ओढलास तर चिरतो,
आणि चिरलेला देठ खुर्चीच्या बैठकीत टिकत नाही.
याचं नाव रश.
हा पट्टा आता दोन वर्षं सोडायचा.
कापलेलं वाऱ्यावर वाळवायचं, उन्हात नाही.
विणायच्या आदल्या दिवशी भिजवायचं,
ओल्या घोंगडीत गुंडाळून रात्रभर ठेवायचं,
झोपवल्यासारखं.

कवेत मावेल एवढ्या पेंढीला
एनिड म्हणते बोल्ट.
दोव्हिलेनं तोही शोधला:
दाराची कडी. कापडाचा तागा. वीज.
उधळलेला घोडा.
न चावता गिळलेला घास.
(तो तिला माहीत होता,
आमची जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची.)

मी शेजारच्या टेबलावर पट्ट्या चिकटवते.
ती मला विचारते, तुमच्यात काय म्हणतात याला?
मी सांगू लागते आणि अडते.
लगबग म्हणावं, तर दारात पाहुणे उभे राहतात.
धांदल म्हणावं, तर स्वयंपाकघरात काहीतरी उतू जातं.
घिसाडघाईत लोखंड तापलेलं असतं,
लगीनघाईला मुहूर्त तरी असतो.
लाल अक्षरांसाठी नेमका शब्द
माझ्याकडे निघत नाही.
लव्हाळ्यासाठी मात्र आहे,
आणि त्यात घाईचा थेंबसुद्धा नाही.

एनिडनं हे होडी बांधता बांधता सांगितलं,
दोराकडे बघत:
रेज गेला त्या सकाळी रुग्णवाहिका आली.
दोन पोरं, चांगली होती, एकानं बूट दारात काढले.
वर गेली, खाली आली.
धाकटा अंगणात उभा राहून फोनवर कुणाला तरी
हळूच म्हणाला,
नो रश.
मी म्हणाले, नाही कसं?
शेडमध्ये सतरा बोल्ट आहेत की,
परवाच कापलंय त्यानं.
तो माझ्याकडे बघत राहिला.
मग त्यानं मला चहा करून दिला,
साखर जास्त झाली होती.
गाडी गेली ती भोंगा न वाजवता,
वळणावर सायकलवालीला
आधी जाऊ देऊन.

त्या सतरा बोल्टांचं काय केलं,
दोव्हिलेनं विचारलं नाही.
दोर ओला होता, गाठ बसत नव्हती.

आता तिच्या खोलीत एक स्टूल आहे,
अर्धी बैठक विणलेली.
देठ बोटांत पिळत नेला
की आतली हवा बाहेर येते, चिरकत,
कुणी दाराआड हसू दाबावं तशी.
एका रात्रीत चार ओळी होतात. कधी तीन.

सोमवारी यंत्र पुन्हा लाल झालं.
तिनं खोकं उचललं,
आणि हात नाकाशी नेला.
अजून चिखलाचा वास येतो, म्हणाली.
पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते,
अकरा, बारा.
मी तिच्यासाठी पट्टी फाडून तयार धरली.